आदिवासी मुलामुलींचं पायलट प्रशिक्षण: पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो

विमान चालवायला डिग्री लागत नाही, लायसन्स लागतं. आदिवासी विद्यार्थ्याच्या पैशाची निम्मी भानगड या एका गोष्टीत आहे. आपल्याकडच्या शिष्यवृत्त्या कॉलेज, अभ्यासक्रम, शैक्षणिक वर्ष आणि मार्कशीट धरून बेतलेल्या आहेत. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, मिळतं ते उड्डाणाच्या तासांवर. त्यात पहिलं वर्ष, दुसरं वर्ष नसतं. बॅच जूनमध्येच सुरू होईल असं नसतं, आणि वर्षअखेरीला पास-नापासाचा कागदही हातात पडत नाही. त्यामुळे योजना कागदावर असते, विद्यार्थी पात्रही असतो, तरी अर्ज पोर्टलच्या पहिल्याच पानावर अडकतो.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात टायेंडिनागा या मोहॉक लोकांच्या प्रदेशात फर्स्ट नेशन्स टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. तिथे मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठीच वैमानिक प्रशिक्षण चालतं, आणि ते तीन वर्षांच्या डिप्लोमाच्या चौकटीत बसवलेलं आहे. डिप्लोमा म्हटला की विद्यार्थी मदतीचा सरकारी पैसा त्याला लागू होतो. लायसन्स त्यातूनच मिळतं. २०२२च्या फेब्रुवारीत तिथल्या हँगरला आग लागून विमानं जळाली, तरी संस्था टिकून आहे. आपल्याकडे लायसन्स एकीकडे आणि शिष्यवृत्ती दुसरीकडे, आणि मधली जुळवाजुळव विद्यार्थ्याच्या डोक्यावर.

खर्चाचा आकडा आधी नीट मांडा

सीपीएलसाठी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, एकूण २०० तास मागतं. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःकडे असताना. एका विमानतळाहून दुसरीकडे जाणारं क्रॉस-कंट्री उड्डाण कमांडमध्ये २० तास, आणि त्यात एकदा तरी ३०० नॉटिकल मैलांचा फेरा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर उडण्याचे, १० तास. त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर चालतात. रात्रीचे ५ तास, किमान १० टेक-ऑफ आणि १० लँडिंगसह. फ्लाइंग स्कूल साधारण १८५ तास एका इंजिनाच्या विमानावर आणि १५ तास दोन इंजिनांच्या विमानावर असं पॅकेज देतं.

देशात याचा खर्च आज साधारण ४० ते ५५ लाखांच्या घरात जातो. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी, म्हणजे इग्रुआ, उत्तर प्रदेशात अमेठीजवळ फुरसतगंजला आहे. तिची फीसुद्धा अलीकडच्या वर्षांत ४५ लाखांच्या आसपास होती. याखेरीज राहणं-जेवणं आहे. महिना १५ हजार धरले तरी दोन वर्षांत साडेतीन लाखांच्या वर जातात. मेडिकल, परीक्षा शुल्क, पुस्तकं, हेडसेट, गणवेश, विमानतळावर प्रवेशाचा पास यांत लाखभर सहज जातो. हे सगळं भरून जे लायसन्स मिळतं, त्यावर एअरबस किंवा बोइंग चालवता येत नाही. त्यासाठी त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवण्याचं वेगळं प्रशिक्षण आणि परवानगी, लागतं, आणि ते आणखी १२ ते २० लाखांचं प्रकरण आहे. म्हणजे नोकरीच्या दारापर्यंत साधारण ५७ ते ८० लाख. अर्जात, बँकेत, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात हाच आकडा सांगावा. नुसती फ्लाइंग फी सांगून कर्ज काढणाऱ्याचे पैसे शेवटच्या टप्प्यात संपतात.

कोटेशन हातात आलं की जीएसटीची ओळ पाहा. सप्टेंबर २०२४च्या ५४व्या जीएसटी परिषदेत स्पष्ट झालं की डीजीसीएमान्य संस्थेने दिलेल्या, डीजीसीएमान्य उड्डाण अभ्यासक्रमाला जीएसटी माफ आहे. ४५ लाखांवर १८ टक्के म्हणजे ८ लाख १० हजार रुपये. कोटेशनमध्ये ही ओळ दिसली तर हिशेब लेखी मागा. वसतिगृह, जेवण अशा वेगळ्या सेवांचा कर वेगळा असू शकतो, पण उड्डाणाच्या तासांवर तो लागू नये.

पैसे मागण्याआधी तीन कामं

आधी बारावी. डीजीसीएला बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स हवं. आश्रमशाळेतून अकरावी सायन्सला गेलेली बरीच मुलं मॅथ्स सोडून बायोलॉजी घेतात, कारण कॉलेजात मॅथ्सचा शिक्षकच नसतो. कुणी आर्ट्सला जातं. दार तेवढ्याने बंद होत नाही. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, राहिलेले दोन विषय बारावीच्या पातळीवर देता येतात. डीजीसीए बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणी मागतं, आणि ती झाल्याशिवाय परीक्षेसाठीचा कॉम्प्युटर नंबर मिळत नाही. बोर्डात यासाठी आठवडे जातात, तेव्हा हा अर्ज सगळ्यात आधी टाकावा.

दुसरं काम मेडिकलचं. आधी क्लास २, मग क्लास १. क्लास २ डीजीसीएच्या यादीतले डॉक्टर करतात आणि त्याला काही हजारच लागतात. क्लास १ वायुसेनेच्या दिल्ली, बंगळुरूसारख्या केंद्रांत किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयांत होतं. तिथे तारीख मिळायला वेळ लागतो. रंगांधळेपण निघालं तर सीपीएलचा विचार तिथेच थांबू शकतो. चष्म्याने मात्र घाबरून जाऊ नये, ठरावीक मर्यादेत तो चालतो.

इथे आपल्या भागाची एक खास गोष्ट आहे, ती फ्लाइंग स्कूलचा माहितीपत्रकवाला सांगणार नाही: सिकलसेल. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या पट्ट्यांत तो मोठ्या प्रमाणात आढळतो. उंचीवर हवेतला प्राणवायू कमी होतो, आणि सिकलसेल आजारात नेमका तिथेच धोका असतो. आजार असणाऱ्याला वैद्यकीय मंजुरी मिळणं जवळपास अशक्य आहे. नुसता वाहक असणं, म्हणजे अंगात जनुक आहे पण आजार नाही, ही वेगळी बाब आहे, तिचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टर रिपोर्ट पाहून घेतात. म्हणून साध्या सोल्युबिलिटी चाचणीवर थांबू नका. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्तचाचणीचा रिपोर्ट घ्या, म्हणजे वाहक की आजार हे कागदावर येईल. जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे, त्यात सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. क्लास १ हातात येईपर्यंत फ्लाइंग स्कूलला एक रुपया आगाऊ देऊ नये. फी भरून मग मेडिकलमध्ये बाद झालेल्यांचे पैसे क्वचितच पूर्ण परत मिळतात.

तिसरं काम परीक्षांचं. एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक हे डीजीसीएचे पेपर आहेत आणि पास व्हायला ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्याची आरटीआर परीक्षा. यातले टेक्निकल स्पेसिफिक सोडून बाकीचे पेपर विमानाला हात न लावता, घरी राहून अभ्यास करून देता येतात. (टेक्निकल स्पेसिफिक ज्या विमानावर शिकणार त्याचा असतो, म्हणून तो स्कूल ठरल्यावर.) ज्याच्याकडे क्लास १ आणि पास झालेले पेपर आहेत, त्याच्याकडे बँक मॅनेजर वेगळ्या नजरेने बघतो. शिवाय पेपर राहिले म्हणून फ्लाइंग थांबलं, वसतिगृहाचं भाडं मात्र चालू राहिलं, हा प्रकार टळतो.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. लायसन्सला इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते. पण रेडिओवरची भाषा ठरावीक शब्दांची, ठरावीक क्रमाची असते आणि ती घोकून, ऐकून, रोज बोलून बसते. त्यापेक्षा नेव्हिगेशनच्या पेपरातलं गणित जास्त मुलांना मागे ठेवतं.

योजना: काय मिळतं, काय नाही

केंद्राच्या अनुसूचित जमातींसाठीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या नियमांत सीपीएलचं नाव सरळ लिहिलेलं आहे, तेही गट १ मध्ये, म्हणजे डॉक्टरकी-इंजिनिअरिंगच्या रांगेत. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. गट १चा निर्वाह भत्ता वसतिगृहात राहणाऱ्याला महिना १,२०० आणि बाहेर राहणाऱ्याला ५५० रुपये. ४५ लाखांपुढे हा आकडा हास्यास्पद आहे. खरा मुद्दा फीचा. खासगी संस्थेची फी किती द्यायची, हे शुल्क ठरवणाऱ्या समितीच्या आकड्यावरून ठरतं. इंजिनिअरिंग कॉलेजला असा मंजूर आकडा असतो. फ्लाइंग स्कूलची फी डीजीसीए ठरवून देत नाही. मग किती रक्कम मंजूर करायची, हा प्रश्न फाइलवर लिहून फाइल मागे येते.

महाराष्ट्रात हा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. त्यात जिल्हा, संस्था आणि अभ्यासक्रम यादीतून निवडायचे असतात. तुमचं फ्लाइंग स्कूल त्या यादीत नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही. हे प्रवेशाआधी तपासा, आणि तपासणं सोपं आहे: पोर्टलवर खातं उघडून यादी बघायची. नाव नसेल तर संस्थेने स्वतः नोंदणी करायला हवी, विद्यार्थ्याने पाठपुरावा करून ती होत नाही. स्कूलच्या ऑफिसात 'होईल की' असं ऐकू आलं तर नोंदणी अर्जाची प्रत मागा.

या योजनेतली दोन कलमं बऱ्याच जणांना उशिरा कळतात. एक, ही शिष्यवृत्ती चालू असताना दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. दोन, एक व्यावसायिक शिक्षण पूर्ण करून दुसऱ्या व्यावसायिक शाखेत गेलेला विद्यार्थी अपात्र ठरू शकतो. म्हणजे शिष्यवृत्तीवर बीई केलं आणि मग सीपीएलकडे वळलं, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. ज्याला उडायचंच आहे त्याने 'आधी इंजिनिअरिंग उरकून घे' हा घरचा सल्ला या कलमासकट तोलावा.

नूतनीकरणाची अडचण आणखी वेगळी. पोर्टल मागच्या वर्षाची गुणपत्रिका मागतं. स्कूलच्या लेटरहेडवर चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरच्या सहीचं प्रगतीपत्र घ्यावं: किती तास झाले, कोणते पेपर पास, किती तास बाकी, अपेक्षित पूर्णता कधी. सोबत लॉगबुकच्या, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीच्या, प्रमाणित पानांच्या प्रती. हे घेऊन प्रकल्प अधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष जावं लागतं, ऑनलाइनवर विसंबून चालत नाही.

जनजाती कार्य मंत्रालयाची टॉप क्लास म्हणून ओळखली जाणारी उच्च शिक्षण शिष्यवृत्ती जास्त कामाची आहे. उत्पन्नमर्यादा ६ लाख, देशभरात दरवर्षी नव्या १,००० जागा, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. ती फक्त मंत्रालयाच्या यादीतल्या संस्थांनाच लागू होते. सरकारी संस्थेत फी आणि परत न मिळणारे आकार पूर्ण मिळतात. खासगी फ्लाइंग क्लबसाठी मार्गदर्शक सूचनांत वर्षाला ३ लाख ७२ हजारांची मर्यादा घातलेली आहे. दोन वर्षांचे साडेसात लाखही होत नाहीत. म्हणून संस्था सरकारी की खासगी, आणि ती त्या वर्षीच्या यादीत आहे की नाही, यावर लाखोंचा फरक पडतो.

इग्रुआत अनुसूचित जमातीला जागांमध्ये आरक्षण आहे, आणि फिजिक्स-मॅथ्समध्ये खुल्या वर्गाला ५० तर अनुसूचित जाती-जमातीला ४५ टक्क्यांची अट असते. प्रवेश अर्जाचं शुल्क खुल्या वर्गाला १२ हजार रुपये होतं, अनुसूचित जाती-जमातीला माफ. एवढ्या एका कारणासाठी तरी प्रत्येक पात्र आदिवासी विद्यार्थ्याने ही परीक्षा द्यावी. मात्र जागेतलं आरक्षण म्हणजे फीतली सवलत नव्हे. जागा मिळाली की पैशाचा प्रश्न तिथून सुरू होतो, तेव्हा टॉप क्लासचा आणि कर्जाचा अर्ज निकालाची वाट न बघता तयार ठेवावा. 'आदिवासी कोट्यातून सीट बसवून देतो' म्हणणारे एजंट नागपूर-पुण्यात भेटतील. इग्रुआचा प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीतूनच होतो.

आता ज्या दारांवर उगाच थांबू नये ती. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, वर्षाला २० जागांची, पदव्युत्तर, पीएचडी आणि पुढच्या संशोधनासाठी आहे. अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत जाऊन लायसन्स काढण्याला ती चालत नाही. नागपूरच्या महाज्योतीने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल प्रशिक्षणाची जाहिरात काढली होती, ती व्हॉट्सअॅपवर आदिवासी गटांतही फिरते. महाज्योती इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी आहे. अनुसूचित जमाती त्यात येत नाही. 'भटक्या जमाती' या प्रवर्गाच्या नावात 'जमाती' आहे म्हणून फसू नका.

छोटी मदत मात्र सोडू नये. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये या दराने ती सुरू झाली. सीपीएलला ती बसते का, हे संस्थेच्या मान्यतेवर आणि ठिकाणावर अवलंबून. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयाकडे न्यूक्लिअस बजेट, म्हणजे स्थानिक गरजांसाठीचा छोटा निधी, असतं. त्यातून फ्लाइंगची फी निघत नाही, पण मेडिकल, परीक्षा शुल्क, पेपरांचं कोचिंग यांसाठी मागणी करता येते. मागणी वर्षाच्या सुरुवातीला करा, मार्चमध्ये तिथे काही उरलेलं नसतं.

जातवैधता

प्रवेश आणि फी-सवलत दोन्हींसाठी जमातीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. पुणे, नाशिक, ठाणे, नागपूर, अमरावती, गडचिरोली अशा ठिकाणच्या तपासणी समित्या ते देतात. ६ सप्टेंबर १९५० ही तारीख लक्षात ठेवा, राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींचा आदेश त्या दिवसाचा आहे. त्याआधीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली नोंद किंवा जमिनीचा उतारा मिळाला तर काम बरंच हलकं होतं. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची वैधता असेल तर ती पहिल्यांदा जोडा. अकरावीत अर्ज टाका. बारावीनंतर टाकला की एक प्रवेशफेरी हातची जाते. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला अनुसूचित जमातीला लागत नाही. तो कुणी मागितला तर नियम दाखवा, पण तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास मात्र तयार हवेत.

आणि बँक खात्याशी आधार जोडलंय का ते पाहा. एखादं मोबाइल सिम घेताना उघडलं गेलेलं पेमेंट्स बँकेचं खातं आधारला जोडलेलं निघतं आणि शिष्यवृत्ती तिकडे जाऊन बसते. पोर्टल 'जमा' दाखवतं, घरात पैसे नसतात.

कर्ज, आणि जमिनीची अडचण

राष्ट्रीय अनुसूचित जमाती वित्त व विकास महामंडळाची आदिवासी शिक्षा ऋण योजना आहे: १० लाखांपर्यंत, ६ टक्के व्याजाने. महाराष्ट्रात ती नाशिकच्या शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाच्या मार्फत येते. अभ्यासक्रमाला कोणाची मान्यता आहे, हा पहिला प्रश्न असतो. यूजीसी किंवा एआयसीटीईचं नाव नसलं की कारकून गोंधळतो, म्हणून स्कूलला डीजीसीएने दिलेल्या मंजुरीपत्राची प्रत अर्जाच्या वरच लावा. त्या पत्रावरची मुदतही बघा, संपलेली नको. जामीनदार बहुतेक वेळा सरकारी नोकर मागतात.

बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत डीजीसीएमान्य पायलट प्रशिक्षण बसतं. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे लागतं, आणि आदिवासी कुटुंबाची गाडी इथे रुतते. घरात पाच-सात एकर जमीन असते, पण आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ची बंधनं आहेत. ती योग्यच आहेत. नसती तर जमिनी केव्हाच गेल्या असत्या. पण कर्ज थकलं तर लिलावात घेणारा कोण, या विचाराने शाखाधिकारी अशी जमीन तारण घ्यायला नाखूश असतो. वनहक्क कायद्याचा पट्टा तर तारणाला चालतच नाही. तो वारसाने जातो, विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. तेव्हा जमिनीच्या उताऱ्यावर भिस्त ठेवून प्रवेश घेऊ नका. मुदत ठेव, एलआयसीची सरेंडर किंमत, गावठाणातलं किंवा शहरातलं नोंदणीकृत घर, नोकरदार नातेवाइकाचं तारण: बँकेत चालतं ते हे.

व्याज-अनुदानाचंही तसंच. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठीची केंद्राची व्याज-अनुदान योजना नॅक किंवा एनबीए मूल्यांकन असलेल्या संस्थांभोवती बांधलेली आहे, आणि पीएम-विद्यालक्ष्मी निवडक नामांकित उच्च शिक्षण संस्थांभोवती. खासगी फ्लाइंग स्कूल सहसा दोन्हींत बसत नाही. काही संस्था विद्यापीठाची बीएस्सी एव्हिएशन पदवी जोडून देतात. त्यात पदवीच्या फीला शिष्यवृत्ती मिळू शकते, उड्डाणाच्या तासांचा पैसा मात्र बाहेरच राहतो. हा फरक प्रवेशाच्या वेळी कुणी मोठ्याने सांगत नाही.

हप्त्याचा हिशेब आधी करावा. ४० लाख, ११ टक्के, १५ वर्षं म्हणजे महिना सुमारे साडेपंचेचाळीस हजार. प्रशिक्षण आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तरी तेवढ्यात सात-आठ लाख वाढतात. को-पायलटच्या पगारात हा हप्ता बसतो. नोकरी दोन वर्षं लांबली तर घर बसतं.

१४० तासांवर अडकणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर. स्कूलमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचं फ्लाइंग खातं असतं. त्यातले पैसे संपले की उद्याच्या फ्लाइंग प्रोग्रॅममधून नाव निघतं. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला, बँकेला पुढच्या टप्प्याचं मागणीपत्र उशिरा गेलं, की १४०-१५० तासांवर विद्यार्थी जमिनीवर बसतो. महिना-दीड महिना उडलं नाही की हात उतरतो. परत सुरू करताना इन्स्ट्रक्टर आधी सोबत बसून उडतो, तो 'चेक' तुमच्याच खर्चाने होतो, आणि पूर्वी जमलेलं लँडिंग पुन्हा बसवण्यात चार-पाच तास जातात. त्यातून पुढचा टप्पा आणखी तुटीत जातो.

वर नियमांची घड्याळं चालूच असतात. लायसन्सच्या अर्जाआधीच्या ६ महिन्यांत किमान १५ तास उडलेलं हवं, आणि दिवसाच्या-रात्रीच्या चाचण्याही त्याच मुदतीतल्या हव्यात. १९० तासांवर पैसे संपून वर्ष गेलं, तर उरलेले १० तास उडून भागत नाही. एकूण २०० तासही मागच्या पाच वर्षांतले लागतात. क्लास १ मेडिकल दरवर्षी नवं करावं लागतं.

यावर उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात. कर्जाच्या मंजुरीपत्रातच टप्पे तासांनुसार लिहून घ्या: प्रवेशाला इतके, ५० तासांनंतर इतके, १०० नंतर, १५० नंतर. पुढच्या टप्प्याचं मागणीपत्र स्कूलकडून ३० तास शिल्लक असतानाच काढा. शेवटच्या ५० तासांचे पैसे, शक्य असेल तर, सुरुवातीलाच बाजूला मुदत ठेवीत टाका आणि त्यांना हात लावू नका. एकरकमी सगळी फी भरून सूट घेण्याच्या मोहात पडू नका. करारात न उडलेल्या तासांचा परतावा किती दिवसांत, याची ओळ नसेल तर सही करू नका.

आणि स्कूल निवडताना एक आकडा मागा: मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याने महिन्याला सरासरी किती तास उडवले. १८ महिन्यांत २०० तास व्हायला महिना ११ तास पडायला हवेत. ६ पडत असतील तर ३३ महिने लागतील, आणि १५ महिन्यांचं जादा राहणं-जेवण आणि व्याज तुमच्या माथी. गोंदिया, बारामती, शिरपूर, धुळे इथली स्कूलं पावसाळ्यात किती दिवस उडतात, उडण्याच्या अवस्थेतली विमानं किती आणि विद्यार्थी किती, हे हँगरमध्ये उभं राहून मोजता येतं. डीजीसीए २०२५ पासून फ्लाइंग स्कूलांची श्रेणीही जाहीर करतं, ती बघा.

बिनपैशाचा रस्ता

भारतीय वायुसेनेत पायलटचं प्रशिक्षण मोफत असतं, आणि अकादमीच्या शेवटच्या टप्प्यात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. बारावी फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सने झाली असेल तर एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, मुलींनाही खुली. यूपीएससीचं शुल्क अनुसूचित जमातीला माफ आहे. निवडीत मात्र आरक्षण नाही, आणि उड्डाण शाखेसाठी उंची १६२.५ सेंटिमीटर लागते. मुलाखतीच्या टप्प्यावर संगणकावर होणारी पायलट निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून 'बघू जाऊन' म्हणत जाऊ नये. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांना आणि नाशिकची तशीच संस्था मुलींना राज्याच्या खर्चाने तयार करते. वय आणि तब्येत साथ देत असेल तर कर्जाच्या फाइली फिरवण्याआधी हा रस्ता एकदा तरी चालून बघावा. वाया गेला तरी खर्च प्रवासभाड्याचा.

लायसन्स हातात आल्यावर

सीपीएल मिळाल्याच्या दिवशी नोकरी मिळत नाही. एअरलाइन्सची भरती लाटेसारखी येते आणि थांबते. मधल्या काळात लायसन्स जिवंत ठेवायला पैसे लागतात: इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (उपकरणांवर उडण्याच्या परवान्याची) चाचणी दर १२ महिन्यांनी, मेडिकल दर वर्षी, शिवाय हात राखण्यापुरतं उड्डाण. टाइप रेटिंगला शिष्यवृत्त्या सहसा पोचत नाहीत, आणि बँकेचं पहिलं कर्ज चालू असताना दुसरं मिळवणं कठीण जातं. म्हणून पहिल्याच कर्जाच्या अर्जात टाइप रेटिंग वेगळी बाब म्हणून मंजूर करून घ्यावं. ते उचललं नाही तर व्याज लागत नाही. आणि ते उचलायचं ते एअरलाइनचं निवडपत्र हातात आल्यावरच. आधी स्वतःच्या पैशाने एअरबसचं रेटिंग करून ठेवलं आणि भरती दुसऱ्या विमानाची निघाली, तर बारा-पंधरा लाख कपाटात पडून राहतात.